जुने पिनबॉल यंत्र अमेरिकेतून आणताना

खारघरच्या सदस्यांनी विचारले आहे की, अमेरिकेतील एका संग्राहकाकडचे १९९२ सालचे बॅली कंपनीचे ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ हे पिनबॉल यंत्र (काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळा खेळवत ठेवण्याचा खेळ) घरी खेळण्यासाठी मागवावे का आणि सौद्याआधी काय पाहावे. निवड उत्तम आहे. या यंत्राचे २०,००० हून अधिक नग तयार झाले, त्यामुळे त्याचे सुटे भाग आजही मिळतात.

मात्र पैसे पाठवण्याआधी परवान्याचा प्रश्न मिटवावा. आपल्या परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली वस्तू सोडून इतर वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित आहे, म्हणजेच तिला परवानगी लागते. यंत्र विकायचे नाही, हौसेचे आहे, एवढ्यावर ही अट सुटेल असे धरून चालू नये. अनुभवी सीएचएकडून, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या दलालाकडून, लेखी मत घ्यावे, कारण कंटेनर न्हावा शेव्याला उतरल्यावर अडचण निघाली तर गोदामाचे भाडे रोज चढत जाते. सीमाशुल्काचा हिशेब यंत्राच्या किमतीत जहाजाचे भाडे आणि विमा मिळवून होतो, हेही अंदाजपत्रकात धरावे.

विक्रेत्याकडून खेळाच्या पृष्ठभागापेक्षा मागच्या पेटीतल्या मुख्य सर्किट बोर्डाची छायाचित्रे आग्रहाने मागवावीत. त्या बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात आणि ते गळले की तांब्याच्या रेषा व सॉकेट खाऊन टाकतात. ठाण्यात माझ्याकडे आलेल्या पहिल्या यंत्रात हेच झाले होते. बाहेरून ते चकाकत होते, पण त्याचा बोर्ड दुरुस्त करण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. म्हणून सेल आणि पोलादी गोळे काढून, पाय सोडवून, मागची पेटी दुमडूनच यंत्र बांधायला सांगावे. खोका लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम १५ प्रक्रियेचा (लाकडातली कीड मारण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का हवाच. यंत्राचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास भरते, त्यामुळे इमारतीच्या लिफ्टचे माप आधीच घेऊन ठेवावे.

या काळातल्या बॅलीच्या ट्रान्स्फॉर्मरला ११५ आणि २३० व्होल्ट अशा दोन्ही जोडण्या असतात, त्यामुळे व्होल्टेज उतरवणारा वेगळा स्टेपडाउन ट्रान्स्फॉर्मर लागत नाही. त्यासाठी जंपर (जोडणी ठरवणाऱ्या छोट्या तारा) बदलावे लागतात आणि त्यासोबत मुख्य फ्यूज व व्हॅरिस्टरही (जादा व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) २३० व्होल्टला साजेसे बसवावे लागतात. केवळ प्लग बदलून आपल्या सॉकेटला जोडल्यास यंत्राचे गंभीर नुकसान होते. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घेईपर्यंत ते सुरू करू नये.