एकोणतीस लाखांचा कॅमेरा कोर्स, आणि त्यानंतरची दोन कोरी वर्षं

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळेल. तुम्ही कराडचे, वय ५०, साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी, हातात ५४,००० पगार, घराच्या कर्जाचा हप्ता ११,०००, वहिनींचं पार्लर आहे पण ते घरखर्चातच जातं. लेक बारावी कॉमर्स झाली आणि तिला पुण्याच्या एका खाजगी आर्ट स्कूलमध्ये फोटोग्राफी-व्हिडिओचा चार वर्षांचा डिग्री कोर्स करायचाय, पहिल्या वर्षाची फी ४.८ लाख. तुम्ही चारने गुणलंत, १९.२ लाख आले, आणि ठरवलंत की पीपीएफ बंद करून ६.५ लाख काढायचे आणि १३ लाखांचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं. ५०,००० भरून सीट पक्की करायला पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे, धाकटा आठवीत.

पहिली गोष्ट, तो १९.२ चा आकडा चुकलाय. फी दरवर्षी वाढते, ८ टक्केच वाढली असं धरलं तरी चार वर्षांची बेरीज २१.६ लाख होते. पुण्यात रूम, मेस, रिक्षा, सगळं मिळून महिना १३,००० धरा, वर्षाचे दहाच महिने, तरी चार वर्षांचे ५.२ लाख. आणि कॉलेजने पाठवलेली ती कॅमेरा, लेन्स, लॅपटॉपची यादी, तिचे तुम्हीच लिहिल्याप्रमाणे अडीच लाख. झाले २९ च्या वर. म्हणजे वरचे दहा लाख कुठून येणार हा प्रश्न तुमच्या पत्रात नाहीच, आणि एफडीत साडेचार लाख आहेत ते त्यातच जाणार आणि मग शेवटी गावाकडचा प्लॉट विकायचा विषय निघणार, हे मी आत्ताच सांगते.

आता १३ लाखांचं कर्ज बघा. दरवर्षी सव्वातीन लाख उचलले, १०.५ टक्के व्याज, कोर्स चार वर्षं आणि वर एक वर्ष सवलतीचं, तोपर्यंत हप्ता नाही पण व्याज चढतच असतं, ते पावणेपाच लाखांच्या आसपास होतं. मग १७.८ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता जवळपास २४,००० महिना. तेव्हा तुम्ही ५५ चे असाल आणि नोकरी ५८ पर्यंत. साडेसात लाखांच्या वर बँका साधारण तारण मागतात, म्हणजे प्लॉट तिथंही अडकतोच. व्याजावर आयकराच्या ८०ई कलमाची वजावट मिळते हे तुमच्या भाच्याने सांगितलं ते बरोबर आहे, पण ती जुन्या करप्रणालीत, नव्या करप्रणालीत ती नाही, आणि तुमच्या पगारावर नव्या पद्धतीत तसाही टॅक्स बसत नसणार, तेव्हा त्या गाजराच्या मागं जाऊ नका.

हा २४,००० चा हप्ता लेकीने भरायचा असं तुम्ही लिहिलंय. इथंच मी अडले.

माझ्याकडे पैशांच्या सल्ल्यासाठी येणारा एक लग्नाचे फोटो काढणारा क्लायंट आहे, चांगलं काम आहे त्याचं, आठ वर्षं या धंद्यात आहे. पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला महिन्याचं उत्पन्न विचारलं तर तो हसला आणि पिशवीतून चक्क कालनिर्णय काढलं. मुहूर्ताच्या तारखांना लाल गोल, तुळशीच्या लग्नानंतर गोलच गोल, मे महिन्यात तर एका दिवशी दोन-दोन, आणि आषाढ, श्रावण, भाद्रपद ही पानं कोरी. कोरी म्हणजे एक बारसं आणि एका मंडळाचं गणपतीचं शूट. वर पैसे येण्याची पद्धत अशी की बुकिंगला थोडे, लग्नाच्या दिवशी थोडे आणि राहिलेले अल्बम दिल्यावर, आणि नवरा-नवरी अल्बमचे फोटो निवडूनच देत नाहीत, हनिमून होतो, दिवाळसण होतो, याचे पैसे तिथंच. त्याने मला सांगितलं की पहिली दोन वर्षं मी दुसऱ्याच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून गेलो, पेट्रोल सुटलं की खूश. आणि डिग्री कुणी विचारली का, तर नाही, इन्स्टा बघतात आणि ओळखीने बोलावतात.

जाहिरात, प्रॉडक्ट शूट, वेब सिरीजचं युनिट, तिकडं चित्र थोडं वेगळं असतं पण सुरुवात तिथंही असिस्टंट म्हणूनच, लाइटचे स्टँड उचलण्यापासून. म्हणून मी या कोर्सचा हिशोब करताना फी नंतर बघते, आधी बघते की कोर्स संपल्यावरची दोन कोरी वर्षं कोण सांभाळणार. मुलीला महिना १५,००० लागले तरी २४ महिन्यांचे ३.६ लाख. हे पैसे असतील तर ती चांगल्या माणसाच्या हाताखाली कमी पैशात शिकू शकते, आणि डोक्यावर २४,००० चा हप्ता असेल तर ती सहाव्या महिन्यात कॉल सेंटरला जाते आणि कॅमेरा कपाटात जातो. बघितलंय मी हे, माझ्याच घरात, भाच्याचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा हप्ते चालू असतानाच निम्म्याहून कमी किमतीला गेला.

तर मग शिकायचंच नाही का, असं अजिबात नाही म्हणत. चांगल्या आर्ट स्कूलमध्ये स्टुडिओ मिळतो, लाइट मिळतात, चूक दाखवणारा मास्तर मिळतो, आणि पुढं एकमेकांना काम देणारी बॅचची पोरं मिळतात, युट्यूबवर हे मिळत नाही. पण तेच स्वस्तात मिळवायचे रस्ते आहेत आणि तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखही नाही. सरकारी कला महाविद्यालयात उपयोजित कलेची (अप्लाइड आर्ट) बीएफए, म्हणजे कलेतली पदवी आहे, मुंबईला जेजे, शिवाय नागपूर, संभाजीनगर, त्यात फोटोग्राफी हा विषय घेता येतो आणि फी खाजगीच्या मानाने किरकोळ. प्रवेश परीक्षा आहे, चित्रकलेचा हात लागतो, तिच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झाल्यात का ते तुम्ही लिहिलं नाही. हात नसेल तर दुसरा रस्ता, कराडलाच बीकॉम किंवा पुण्यात साधी डिग्री, सोबत कॅमेरा, आणि मग एफटीआयआय, म्हणजे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. लॉ कॉलेज रोडवर प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेत आहे ती, तिथला सिनेमॅटोग्राफीचा कोर्स पदवीनंतरचा, तीन वर्षांचा, कुठल्याही शाखेची पदवी चालते. फोटोग्राफीतच राहायचं असेल तर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. दोन्हीकडे जागा अगदी थोड्या, मिळेलच असं नाही, पण न मिळाली तरी डोक्यावर १७ लाख नसतात.

कॅमेऱ्याबद्दल एकच. ती अडीच लाखांची यादी पहिल्या दिवशी घेऊ नका. सेकंडहँड क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची, स्वस्तातली) बॉडी, एक पन्नास एमएमची लेन्स, आणि पैसे घालायचेच तर लॅपटॉपमध्ये आणि दोन हार्ड डिस्कमध्ये घाला कारण फोरके, म्हणजे जास्त बारकाव्याचं व्हिडिओ फुटेज एडिट करताना साधा लॅपटॉप रडतो. बाकी लेन्स, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारं हँडल) पुण्यात दिवसाच्या भाड्यावर मिळतात.

पीपीएफ बंद करू नका. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी मुदतीआधी बंद करता येतं हे खरंय, पण सुरुवातीपासूनच्या व्याजदरात १ टक्का कापतात. तुमचं अकरावं वर्ष चालू आहे, त्यातून काही रक्कम नुसती काढता येते, त्यावर कपात नाही आणि खातंही चालू राहतं. माझा हिशोब असा की राहणं, फी, कॅमेरा सगळं धरून दहा लाखांत बसवा, त्यातले चार लाख कर्ज, तेवढ्याला तारण लागत नाही, बाकीचे पीपीएफमधून थोडे आणि पगारातून. एफडीतले ३.६ लाख त्या दोन वर्षांसाठी वेगळे, त्याला हात लावायचा नाही, धाकट्याच्या ट्यूशनसाठीसुद्धा नाही.

एवढं सगळं ऐकूनही लेक त्याच कॉलेजवर अडून बसली तर पंधरा तारखेच्या आत तिला घेऊन तिथं जा, आणि ऑफिसात बसून ब्रोशर वाचू नका, इक्विपमेंट रूम कुठंय विचारा. एका बॅचला कॅमेरे किती, शनिवार-रविवार घरी न्यायला देतात का, तुटला तर दंड किती, हे तिथल्या पोरांनाच विचारा, ती खरं सांगतात. डिग्री कुठल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची ते लेखी घ्या, कारण नुसता संस्थेचा डिप्लोमा असेल तर बँक कर्ज नाकारू शकते. तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या पाच जणांचे नंबर मागा. आणि ते ५०,००० परत मिळतात का, कुठल्या तारखेपर्यंत, हे पावतीवर लिहून देत नसतील तर पाकीट खिशातच ठेवा आणि मला फोन करा, तिथूनच केलात तरी चालेल.