वाचकांचे प्रश्न : जोन स्वतः काय बोलली?

मागच्या अंकात कुमारवयीन वाचकांसाठीच्या चरित्रांवर लिहिताना मी जोन ऑफ आर्कचा विषय काढला होता. पंधराव्या शतकातली फ्रान्समधली शेतकऱ्याची मुलगी, सतराव्या वर्षी सैन्याबरोबर निघालेली, एकोणिसाव्या वर्षी जिवंत जाळलेली. तिचं नीट चरित्र आपल्या मुलांच्या हाती पडावं, एवढंच म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना जोनलाच देऊन टाकते. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी जोनचं चरित्र लिहायला घेतलं. पहिलं प्रकरण भाचीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मावशी, बोअर आहे गं." संवाद घातले की रंगत येते, पण ते माझ्या मनातले असतात. घालू का? आणि सुरुवात कुठून करू? (मुलुंड)

तुमचं पहिलं प्रकरण मी न वाचताच ओळखते. "इ. स. १४१२च्या सुमारास दोंरेमी नावाच्या खेड्यात…" बरोबर ना? मग भाचीचं काय चुकलं?

संवाद रचू नका. खरं तर ती वेळच तुमच्यावर येणार नाही. मध्ययुगातल्या बहुतेक बायका आपल्याला दुसऱ्यांच्या बोलण्यातून कळतात. जोनचं तसं नाही. तिला मारायला निघालेल्या लोकांनीच तिची उत्तरं लिहून ठेवली. इंग्रजांच्या ताब्यातल्या रुआं शहरात १४३१ साली तिच्यावर धर्मद्रोहाचा खटला चालला. २१ फेब्रुवारीला तिला पहिल्यांदा न्यायसभेसमोर आणलं. गियोम मांशों नावाचा लेखनिक आपल्या साथीदाराबरोबर फ्रेंचमध्ये टिपणं घ्यायचा, आणि पुढे त्यांची लॅटिनमध्ये पक्की प्रत झाली. समोर बिशप पिएर कोशों आणि विद्वानांच्या रांगा. ही एकटी, वकील नाही, कोठडीत पायात बेड्या, पहाऱ्याला इंग्रज शिपाई.

दादरला आमचा शनिवारचा वाचनगट भरतो, तिथे मी हा खटला वाचून दाखवते. प्रश्न वाचते आणि थांबते. "तुम्ही काय उत्तर दिलं असतं?" जोन म्हणायची की संत मार्गारेट तिच्याशी बोलते. त्यावर प्रश्न आला : ती इंग्रजीत बोलते का? जोनचं उत्तर : इंग्रजीत कशाला बोलेल? ती इंग्रजांच्या बाजूची नाही! पोरं बाकावर हात आपटून हसतात. संत मिखाएल दिसला तेव्हा उघडा होता का? देवाकडे त्याला घालायला कपडे नसतील असं वाटतं तुम्हाला? त्याला केस होते का? ते कापले कशाला असतील?

आणि मग तो प्रश्न येतो : तुझ्यावर देवाची कृपा आहे असं तुला वाटतं का? इथे वर्ग गप्प होतो. आठवीतल्या एका मुलाने बरोबर पकडलं, "बाई, हो म्हटलं तरी मेली, नाही म्हटलं तरी मेली." तसंच आहे ते. हो म्हणावं, तर जे कुणाला ठाऊक असू शकत नाही ते ठाऊक असल्याचा उद्धटपणा. नाही म्हणावं, तर स्वतःच्या तोंडाने पापाची कबुली. जोन म्हणाली : नसेन, तर देव मला कृपेत घेवो, असेन, तर तिथेच ठेवो. विचारणारे अवाक झाले, असं दुसऱ्या लेखनिकाने पुढे साक्षीत सांगितलं. याच्यापेक्षा बरा संवाद तुम्ही रचणार की मी?

सुरुवात विचारलीत. मी असते तर ओव्हिएतपासून केली असती. ही जोनची बालमैत्रीण. जोनला जाळल्यानंतर पंचवीस वर्षांनी त्या खटल्याची फेरचौकशी झाली आणि चौकशी करणारे दोंरेमीतही पोचले. ओव्हिएत तेव्हा चाळिशी ओलांडलेली संसारी बाई. तिने सांगितलं की जोन कधी निघून गेली ते मला कळलंच नाही, कळलं तेव्हा मी खूप रडले. मांजेत नावाच्या दुसऱ्या मैत्रिणीचा मात्र जोनने निरोप घेतला होता. एकीला सांगितलं, एकीला नाही. का? त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. भाची देईल, आणि एव्हाना बोअर हा शब्द विसरलेली असेल.

तिथून नातलग द्युरां लाक्सारकडे या. जोन त्याला मामा-काका म्हणावं तसं मानायची, प्रत्यक्षात तो तिच्या नात्यातल्या बहिणीचा नवरा. १४२८मध्ये तिने त्याला गळ घातली आणि व्होकुलरच्या किल्लेदाराला, रोबेर द बोद्रिकूरला गाठलं. हा म्हणाला, हिला चार थोबाडीत द्या आणि बापाकडे पोचवा. पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच दारात उभी, आणि या खेपेला त्याने बरोबर माणसं देऊन तिला राजपुत्र चार्ल्सकडे, शिनोंला, पाठवलं. अकरा दिवसांचा प्रवास, पुरुषी कपड्यात, शत्रूच्या मुलखातून.

इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाची भाऊबंदकी समजावण्यात तीन प्रकरणं घालवू नका. एक नकाशा, एक पान. १४२०च्या तहाने चार्ल्सचा वारसाहक्क काढून इंग्लंडच्या राजाला दिला. दोन वर्षांत दोन्ही देशांचे राजे वारले आणि दोन्ही मुकुट एका तान्ह्या बाळाच्या वाट्याला आले. एवढं पुरे. मग ऑर्लेआंवर वेळ घालवा. वेढा ऑक्टोबर १४२८पासूनचा, जोन पोचली २९ एप्रिल १४२९ला, ७ मेला तिला मानेजवळ बाण लागला, आणि ८ मेला इंग्रजांनी वेढा उठवला. १७ जुलैला रेंसच्या कॅथेड्रलमध्ये चार्ल्सला राज्याभिषेक. शाळेतली चरित्रं इथेच तुतारी वाजवून संपतात. तुम्ही पुढे चला : पॅरिसवरचा फसलेला हल्ला आणि मग माझं लाडकं पत्र, ९ नोव्हेंबर १४२९चं, रिओं गावच्या लोकांना. लिहिता-वाचता न येणाऱ्या जोनने ते सांगून लिहून घेतलं आणि खाली नाव घातलं. मजकूर काय? बंदुकीची दारू पाठवा, सोरा पाठवा, गंधक पाठवा, बाण पाठवा. मुखपृष्ठावर आकाशाकडे डोळे लावून बसलेली जोन असते ना, तिच्या शेजारी हे पत्र छापा.

मुखपृष्ठावरून आठवलं. तिला समोर बसवून काढलेलं एकही चित्र उरलेलं नाही. पॅरिसच्या न्यायालयातल्या एका कारकुनाने मे १४२९मध्ये वहीच्या समासात एक बाई रेखाटली, लांब केस, झगा, हातात निशाण. त्याने जोनला कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्यक्षात केस कापलेले होते. चित्रकाराला हे आधीच सांगा. नाहीतर चिलखतात शॅम्पूची जाहिरात येते.

एक सांभाळा. खटल्याची नोंद शत्रूच्या दप्तरातली आहे. आणि फेरचौकशीतल्या साक्षीदारांनाही तिचं वाईट बोलायचं कारण नव्हतं, कारण तोवर रुआं चार्ल्सने परत घेतलं होतं आणि आपला मुकुट एका चेटकिणीमुळे मिळाला हे त्याला परवडणारं नव्हतं. ही गोष्ट तळटीपेत दडवू नका, मजकुरातच सांगा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना कोण का बोलतंय हे आपल्यापेक्षा लवकर कळतं.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे, हळवी आहे, रात्री वाचून झोपते. जोनचा शेवट तिला वाचू द्यावा का? की तेवढी पानं काढून ठेवू? (दहिसर)

पानं काढू नका. ती मैत्रिणीच्या मोबाइलवर बघेल, आणि तिथे जे दिसेल ते जास्त भयंकर असेल. मात्र हे पुस्तक दिवसा वाचू द्या, आणि तुम्ही घरात असताना.

पुस्तक निवडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, २४ मे १४३१चा प्रसंग आहे का? त्या दिवशी स्मशानातल्या चौथऱ्यावर उभं करून, समोर सरणाची भीती घालून, जोनकडून माघारीच्या कागदावर, म्हणजे आवाजांचा दावा सोडते आणि पुरुषी कपडे घालणार नाही अशा कबुलीवर, खूण करून घेतली. ती घाबरली होती. चारच दिवसांत ती पुन्हा पुरुषी कपड्यात दिसली आणि म्हणाली, मी जे कबूल केलं ते आगीच्या भीतीने. ३० मेला तिला रुआंच्या जुन्या बाजारात जाळलं. जी पुस्तकं ही माघार गाळतात आणि तिला हसत हसत चितेवर चढवतात, ती मला हळव्या मुलींसाठी घातक वाटतात. शेवटच्या क्षणांविषयी साक्षीदारांनी सांगितलेलं थोडकंच पुरे आहे : तिने क्रूस मागितला, एका इंग्रजाने लाकडाच्या काटक्यांचा करून दिला, आणि एक धर्मगुरू चर्चमधला क्रूस आणून तिच्या डोळ्यांसमोर धरून उभा राहिला.

दुसरी, पुस्तक तिथेच संपतं का? आमच्या गटात एका मुलीने विचारलं होतं, "पण तिची आई काय करत होती?" मला हा प्रश्न फार आवडला. आईचं नाव इझाबेल रोमे. वडील आधीच गेले होते. ७ नोव्हेंबर १४५५ला ही म्हातारी पॅरिसच्या नोत्र दाममध्ये पोपच्या प्रतिनिधींसमोर उभी राहिली आणि मुलीचा खटला पुन्हा तपासावा अशी दाद मागितली. शंभरावर साक्षी झाल्या. ७ जुलै १४५६ला रुआंमध्येच जुना निकाल रद्द ठरला. इझाबेल तेव्हा हयात होती, त्यानंतर दोन वर्षांनी वारली. हे प्रकरण ज्यात आहे ते पुस्तक घ्या, आणि शेवटची दोन प्रकरणं एका बैठकीत वाचू द्या. आग वाचून दिवा मालवायचा नाही.

प्रश्न : तिला आवाज ऐकू येत, म्हणजे सरळ मानसिक आजार होता. कुमारांना हे स्पष्ट सांगायला नको का? मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे. (चेंबूर)

तुमच्या विभागात सहाशे वर्षांपूर्वीच्या पेशंटला न भेटता निदान करायला शिकवत असतील, तर जरूर सांगा!

थट्टा बाजूला. तिने काय सांगितलं ते सांगावं : तेरा वर्षांची असताना, उन्हाळ्यात, दुपारच्या सुमारास, वडिलांच्या बागेत पहिल्यांदा आवाज ऐकला आणि ती फार घाबरली. मुलांना याहून जास्त कळायला हवं ते असं, की त्या न्यायसभेने आवाज येऊ शकतात हे गृहीतच धरलं होतं. वाद एवढाच, की ते देवाचे की सैतानाचे. हा काळ समजल्याशिवाय तुमचं निदान मुलांच्या हातात दिलंत तर त्यांना खटलाच कळणार नाही. कळल्यावर मग खुशाल चर्चा करा. माझी हरकत नाही.

प्रश्न : परदेशी बायकांची चरित्रं कशाला? आपल्याकडे काय कमी आहे? (गिरगाव, वय ७८)

आजोबा, कमी काहीच नाही. रझियाने १२३६ ते १२४० दिल्लीचं तख्त सांभाळलं. तिच्याच काळातला इतिहासकार मिनहाज तिचे राज्यकर्त्याला शोभणारे सगळे गुण मोजतो आणि मग म्हणतो, पण पुरुष म्हणून जन्मली नाही, तर या गुणांचा उपयोग काय! वरंगळची काकतीय रुद्रमादेवी आहे. पण या दोघींचा स्वतःचा आवाज असा सलग कुठे नोंदलेला नाही, त्यामुळे लेखकाचं काम अवघड होतं. आपल्या मुक्ताबाईचं मात्र वेगळं. रुसून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला ती ताटीच्या अभंगांतून समजावते, आणि तेही इतक्या लहान वयात. तिचं कुमारांसाठी चरित्र तुम्ही लिहायला घ्या. वय आड येत नाही, फक्त हस्ताक्षर थोडं मोठं काढा, तुमचं पत्र मला भिंगाखाली धरावं लागलं. जोन वाचणारी मुलगी मुक्ताबाई वाचणार नाही, हे मात्र मला पटत नाही. एकाच दुपारी दोन्ही पुस्तकं नेणाऱ्या मुली मी बघते.

प्रश्न : बाई, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी जोन ऑफ आर्क हा विषय घेतलाय. पाच मिनिटंच आहेत. काय काय घेऊ? (इयत्ता नववी, अंधेरी)

युद्ध घेऊ नकोस, पाच मिनिटांत मावणार नाही. "स्त्रीशक्तीचं तेजस्वी प्रतीक" हे वाक्य काढून टाक, तुझ्या आधीच्या तिघी ते म्हणून गेलेल्या असतील. सरळ रुआंच्या न्यायसभेत उभी राहा. एक मिनिटात सांग की खोलीत कोण कोण आहे आणि ही मुलगी एकटी का आहे. मग वर मुलुंडच्या बाईंना दिलेले प्रश्न घे, आधी इंग्रजीचा, मग केसांचा, मग कृपेचा. कृपेचा प्रश्न विचारून झाल्यावर लगेच उत्तर देऊ नकोस, मनात पाच आकडे मोज. परीक्षकांकडे न बघता मागच्या रांगेकडे बघ. निकालाची तारीख आणि १४५६ शेवटच्या अर्ध्या मिनिटात. पाठांतर आईसमोर कर, आरशासमोर नको. आणि चिलखत म्हणून चंदेरी कागद गुंडाळणार असशील तर आधी हात वर करून बघ, माईकवर त्याचा फार खडखडाट होतो.