हुबेहूब नको, वानगी द्या

प्रश्न : ‘कथेत व्यक्ती, स्थळ, वस्तू यांचं हुबेहूब वर्णन करा’ अशी सूचना कथालेखनाच्या स्पर्धेत असते. हा प्रयोग बरोबर आहे का?

नाही. ‘हुबेहूब वर्णन’ ही जोडी ऐकून कान किटले. हुबेहूबला शेजारी मूळ वस्तू लागते. अरबी ‘हू’ म्हणजे तो. हू-ब-हू, तोच तो. अंबाबाईच्या देवळाची प्रतिकृती हुबेहूब असते, आवाजाची नक्कल हुबेहूब असते. कथेतला माणूस लेखकानेच घडवलेला, तो कशाशी ताडून बघणार? चित्रकलेच्या षडंगांत, म्हणजे जुन्या सहा अंगांतसुद्धा सादृश्य, म्हणजे मुळाशी सारखेपणा, वेगळं आणि वर्णिकाभंग, म्हणजे रंगांची योजना, वेगळी.

खरी मजा ‘वर्णन’मध्ये आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘वर्ण’ धातूचे अर्थ ओळीने दिलेत : वर्णक्रिया, विस्तार, गुणवचन. रंगवणं पहिलं, स्तुती शेवटी. आपण शेवटचं तेवढं उचललं आणि ‘निसर्गरम्य’, ‘नयनरम्य’ ओतत बसलो. याच वर्णाचा मराठीत वाण झाला : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आणि वानगी, म्हणजे नमुना, तीसुद्धा याच घरातली! संस्कृत वर्णिका, प्राकृत वण्णिआ. शेवटचा ‘गी’ फारसी वाटतो म्हणून तिला परकी ठरवणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. हिंदीत बानगी आहे, गुजरातीत वानगी आहे. सगळ्यांचं कूळ एक.

म्हणजे वर्णन करायचं तर वानगी काढायची. गूळ पारखणारा खडा मोडून रंग, कणी, चव बघतो. तेवढ्यावर अख्ख्या रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, अंदाज येतो. ‘गुऱ्हाळावर गोड वास दरवळत होता’ हे वाक्य कुठल्याही गावाला चालेल. त्यापेक्षा हे बघा : गुळव्या उकळत्या रसात भेंडीचा चिकट रस सोडतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढतो. पाक दाटला की थेंबभर गार पाण्यात टाकून गोळी वळतो आणि काठावर आपटतो. टण्ण वाजली की काहील उतरवायची. लवकर उतरवली तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो, उशीर झाला तर काळा पडतो. माणूस, जागा, वस्तू तिन्ही त्या गोळीत आली, एकही विशेषण न सजवता.

संक्रांतीचं वाण मात्र यात ओढू नका. ते ‘वायन’वरून आलेलं, नपुंसकलिंगी. बियाण्याचा ‘तो वाण’ वर्णाचा, सुगडातलं ‘ते वाण’ वेगळं.