आईची पाळी गेलीय, खांद्याचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) नुकतंच शिवलंय. हार्मोनच्या गोळ्यांनी ते लवकर जुळेल का?

नाही, नुसतं टेंडन जुळावं म्हणून हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नका. मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. चादरी-टॉवेलच्या कामात खांदा गेलेल्या बायका हे विचारतातच. शंका अगदी पोकळ नाही: टेंडनच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर (हार्मोनचा संदेश घेणाऱ्या जागा) असतात, आणि अंडाशय काढल्याने, पाळी गेल्यासारखंच, इस्ट्रोजेन घटलेल्या उंदरांत टेंडन कमजोर जुळल्याचं प्रयोगांत दिसलंय. पण माणसांत एवढ्यासाठी गोळ्या द्याव्यात इतका पुरावा नाही, उलट इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

खरा फरक पडतो तो इथे:
- साधारण ४ ते ६ आठवडे, सर्जन सांगतील तोवर, हात झोळीतच.
- शुगर असेल तर आटोक्यात.
- मिश्री बंद. निकोटिनने रक्तपुरवठा घटतो, आणि नेमकी हीच गोष्ट घरचे डॉक्टरांना सांगत नाहीत.
- भाकरी थापणं सर्जन परवानगी देईपर्यंत नाही. सोलापुरात कडक भाकरी विकत मिळते, आणा.

मात्र अंगातून वाफा येतात म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधीच गोळ्या दिल्या असतील, तर त्या मनाने थांबवू नका. सर्जनच्या कानावर घाला.