पूर ओसरला, पण तो येत राहिला

प्रश्न : ताई, नाव छापू नका. मी ४६ वर्षांची आहे, बडोद्यात अकोट्याला राहते, शाळेत गणित शिकवते. २०१९ मध्ये आमचा परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. मारहाण, दारू, दुसरी बाई यातलं काही नव्हतं. नवरा शेअर बाजारात ऑप्शनचा सट्टा खेळायचा आणि लपवायचा. आईनं मला दिलेल्या पाटल्या त्यानं गहाण टाकल्या होत्या. मला कळलं ते लिलावाची नोटीस घरी आली तेव्हा. कपाटातली डबी जागच्या जागी होती, आत कापसात गुंडाळलेल्या नकली पाटल्या. रावपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या भावानं स्वतःची एफडी मोडून त्या सोडवल्या. कोर्टाच्या तारखांनाही तोच सोबत असायचा.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात काळाघोड्याला विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी भरलं. भाऊ तेव्हा पुण्याला होता. पाणी उतरल्यावर दारात पहिला उभा राहिला तो माझा हा पूर्वीचा नवराच, मकरपुऱ्यातून कुणाचा तरी पंप मागून घेऊन. गाळ उपसला, भिंती धुतल्या. लेकीच्या मार्कशीट एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यानं त्या एकेक सोडवून पंख्याखाली वाळत घातल्या. त्यानंतर येतच राहिला. मुलगी वल्लभ विद्यानगरला होस्टेलवर असते. दिवाळीनंतर तो शनिवारी रात्री राहू लागला. उजाडायच्या आत निघून जातो.

मला तो हवा असतो. लग्नात कधी वाटलं नाही इतकं मोकळं वाटतं. पण जवळ आला की आधी माफी मागतो, कधी रडतो. आणि त्याला झोप लागली की मी त्याचा फोन उघडून ट्रेडिंगचं ॲप शोधते. आजवर काही सापडलेलं नाही. शोधून झालं की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. भावाच्या फोनवर मागून आवाज गेला तर ‘प्लंबर आलाय’ म्हणून सांगते. मुलीला काहीच माहीत नाही. आता तो पुन्हा लग्न करू म्हणतोय. मी वेडेपणा करतेय का? हे पाप आहे का? कायद्याला चालतं का?

उत्तर : पाप नाही. तुम्ही दोघंही सज्ञान आहात, दोघांनीही दुसरं लग्न केलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून मी धरते. म्हणजे कुणाचा संसार मोडत नाही आणि कायद्यानं गुन्हाही होत नाही. आपण बडोदेकरांनी तर याबाबत खाली मान घालायचं कारणच नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या २४ वर्षं आधी, १९३१ मध्ये, सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा झाला होता. मोडलेलं लग्न मोडलं म्हणायला आपलं शहर तेव्हापासून शिकलंय. मोडल्यावर त्याच माणसाची ओढ वाटणं हेही माणसाचंच आहे. ज्या अंगाची इतकी वर्षं सवय होती, ते परकं व्हायला कोर्टाचा कागद पुरत नाही. ४६ व्या वर्षी तुम्हाला ओढ वाटते, हे लिहिताना जराही संकोच करू नका.

आता तुमच्या त्या फोनकडे येते, कारण पत्रातलं सगळ्यात दुखरं तेच आहे. काही सापडलं नाही, तरी पुढच्या शनिवारी तुम्ही पुन्हा शोधता. का? चोरून घेतलेल्या झडतीतून शांती मिळत नाही म्हणून. त्याला ठाऊकच नाही की तो तपासला जातोय, त्यामुळे तो खरा उतरला तरी त्याच्या पदरी काही पडत नाही, आणि तुम्हालाही ते त्याला सांगता येत नाही. शिवाय ऑप्शन खेळणाऱ्यानं ॲप पुसून ठेवणं किती सोपं आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. फोन ठेवून द्या. दिवसाउजेडी, टेबलाशी बसून, त्याच्याकडे कागद मागा.

कोणते कागद तेही सांगते. सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हायमार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून प्रत्येकाला वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात बँकांची आणि वित्त कंपन्यांची कर्जं दिसतात, सोनेतारणही. मित्राकडून घेतलेले हातउसने दिसणार नाहीत, ते त्यानं तोंडानं सांगायचे. पॅनवर निघणाऱ्या एकत्रित विवरणातून डीमॅट खाती किती आहेत ते कळतं, आणि त्या-त्या ब्रोकरकडून वर्षाचा नफा-तोटा मिळतो. हे सगळं त्यानं स्वतः काढून आणायचं, तुम्ही त्याचा पासवर्ड मागायचा नाही. आणि त्याचा हा नाद म्हणजे निव्वळ स्वभावातली खोट, असंही समजू नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. तो खेळला तो खेळच असा आहे. पण नकली पाटल्या करून डबीत ठेवणं हा बाजाराचा दोष नव्हे. तो हिशेब त्याच्याच नावावर राहील.

त्याच्या रडण्याबद्दल. तो खोटं रडतो असं मी म्हणत नाही. पण अंथरुणात मागितलेल्या माफीला तुम्ही काय उत्तर देणार? त्या घटकेला नाही म्हणवत नाही, आणि हो म्हटलंत की मनात सल राहतो. त्याला सांगा, की माफीचं बोलणं रविवारी सकाळी चहाबरोबर करू, रात्री नको. त्यासाठी त्याला उजाडल्यावरही थांबावं लागेल. थांबू दे की! शेजारच्यांना दिसलं तर दिसलं.

तुमचं घर पैसा गेल्यानं मोडलं नव्हतं, लपवल्यानं मोडलं होतं. आज त्याच घरात पुन्हा लपवाछपवी चाललीय, आणि या वेळी तुम्हीही तिच्यात आहात. तुम्हाला जे खातंय ते हेच, असं मला फार तीव्रतेनं वाटतं. शनिवारच्या रात्रींचा दोष त्यात नाही. म्हणून मुलीला सांगा, लवकर, आणि तुमच्या तोंडून. ती एखाद्या शुक्रवारी न कळवता घरी आली आणि शनिवारी रात्री बाप दारात दिसला, तर तो धक्का वेगळाच असेल. फार पाल्हाळ नको. ‘बाबा आणि मी भेटतोय, मला बरं वाटतंय, पुढचं काही ठरलेलं नाही’ एवढं पुरे. ती चिडेल कदाचित. किंवा इतका आनंद दाखवेल की लग्नाची घाई तीच करेल. ते जास्त जपून हाताळा. काहीही झालं तरी तिला तुमच्यातली निरोप्या करू नका.

भावाला तिच्यानंतर. त्यानं एफडी मोडली म्हणून तुमच्या आयुष्यावर त्याचा नकाराधिकार येत नाही. पण ज्यानं पाटल्या सोडवल्या त्याला प्लंबरची गोष्ट ऐकवायची नाही. तो बोलेल, चार दिवस अबोलाही धरेल. धरू दे.

लग्नाचं म्हणाल तर कायद्याची आडकाठी नाही. मात्र पुन्हा एकत्र राहू लागलं म्हणून २०१९ चा हुकूम रद्द होत नाही. पती-पत्नी व्हायचं तर नव्यानं लग्न करावं लागेल. वैदिक पद्धतीनं करणार असाल तर विधी खरोखर व्हायला हवा. नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. विधी नको असेल तर विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन नोंदणी पद्धतीनं करता येतं. पण माझं मत विचाराल तर इतक्यात नको. घर, बचत, पाटल्यांचा लॉकर हे एकट्या तुमच्या नावावर आहे ते तसंच राहू दे, लग्न झालं तरी. त्याच्या कुठल्याही कर्जाला जामीन राहू नका.

आणखी एक, पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते. मधली वर्षं दोघंही एकटे होतात का, हे एकमेकांना विचारलंत का? नसेल तर दोघांनी रक्ततपासणी करून घ्या, तोवर निरोध वापरा. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहत नाहीत हा समज चुकीचा आहे. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर थांबल्यापासून दोन वर्षं काळजी घ्यावी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे एकदा जाऊन या.

कागद मागितल्यावर ‘तुझा अजून विश्वास नाही?’ असं तो म्हणेल. रागावू नका, समजूतही घालू नका. ‘नाही, अजून नाही, आणि तरी तू मला हवा आहेस’ असं सांगा, दोन्ही खरंच आहे. अहवाल काढायला फार वेळ लागत नाही. महिनाभरात त्यानं आणले नाहीत, तर शनिवार बंद करा आणि का बंद केले ते त्याला तोंडावर सांगा.