सामुराई पिक्चर बघायचेत? मग सुरुवात इथून कर

अरे, सगळे सांगतात म्हणून पहिल्याच रात्री 'सेव्हन सामुराई' लावू नकोस, पिक्चर भारीच आहे पण 207 मिनिटांचा, अर्ध्यात झोप लागली तर उगाच म्हणशील जुने पिक्चर बोअर असतात. आधी त्याच दिग्दर्शकाचा, म्हणजे कुरोसावाचाच 'योजिंबो' बघ, 1961 चा, दोन तासांच्या आत आटपतो आणि त्यातला हिरो तोशिरो मिफुने नुसता खांदे उडवत, अंग खाजवत चालला तरी नजर हटत नाही. मग 'सांजुरो', त्यात शेवटी दोघं अगदी समोरासमोर उभे, कितीतरी वेळ कुणी हलतच नाही आणि मग एका झटक्यात खेळ खलास. (मोबाईलवर बघू नको रे बाबा, प्लीज.)

हे पचलं की दुसऱ्या एका दिग्दर्शकाचा, कोबायाशीचा 'हाराकिरी', 1962. तलवारबाजी शेवटीशेवटी, आधी हिरो तात्सुया नाकादाई अंगणात बसून नुसता बोलतो, पण तो बांबूच्या तलवारीचा सीन आला ना की पोटात गोळाच येतो. सामुराईंच्या इज्जतीच्या गप्पा किती पोकळ होत्या हे इतक्या थंडपणे दुसऱ्या कुणी दाखवलं असेल असं मला तरी वाटत नाही.

आवाज जपानीच ठेव, खाली सबटायटल, डबिंग अजिबात नको. आणि 'सेव्हन सामुराई' एखाद्या रविवारी दुपारी लाव, मध्ये इंटरमिशन आहेच, तेव्हा चहा टाक.