तटाला पोट आलंय, आता काय करायचं?

प्रश्न : ताई, आम्ही आठ-दहा जण दर महिन्याला जवळच्या किल्ल्यावर जाऊन झाडलोट करतो. ह्या पावसाळ्यात तटाचा मोठा तुकडा ढासळला. गावातले म्हणतात, साडेतीनशे वर्षं जुनं बांधकाम, पडणारच. मग इतकी वर्षं कसं काय उभं होतं? हे क्लायमेट चेंजमुळे होतंय का? - एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : दादा, एकाच पडझडीचं खापर हवामानावर फोडता येत नाही, पण पाऊस बदललाय हे खरंय. आधी दिवस दिवस कोरडे जातात आणि मग दोन दिवसांत धो धो कोसळतो, 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला तो अशाच पावसात. तट बाहेरून घडीव दगडाचा दिसतो पण आत दगडमातीची भर असते, फांजीवरचं, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरचं पाणी त्यात उतरतं, बाहेर जायच्या मोऱ्या बुजलेल्या, मग माती फुगते, दगडांच्या सांध्यांमधला चुना धुऊन जातो आणि भिंतीला पोट येतं, म्हणजे ती बाहेर फुगते. एका रात्रीत नाही पडत हो तट, बऱ्याचदा आधी पोट दाखवतो, आपलंच लक्ष नसतं.

जलदुर्गांची मला जास्त काळजी वाटते. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढलीत, 2020 ला निसर्ग, 2021 ला तौक्ते. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे! समुद्र चढत गेला आणि त्यात खारं पाणी शिरलं तर काय करणार, तट एकवेळ परत बांधता येईल.

तुम्ही काय करू शकता? दर जूनला आणि ऑक्टोबरला त्याच जागेवरून त्याच भिंतीचा फोटो काढा, शेजारी एक सरळ काठी उभी धरा, म्हणजे पोट वाढलंय का ते कळतं. ते फोटो पुरातत्त्व खात्याला द्या आणि परवानगी घेऊन मोऱ्या मोकळ्या करा, माझ्या मते झाडलोटीच्या आधी हे. पिंपळ-उंबराची रोपं मात्र ओढून उपटू नका, मुळाबरोबर दगडच हलतात. आणि कोणी प्रेमाने सिमेंट घेऊन आलं तर हात जोडून थांबवा, चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आतच कोंडतं.

पडलेले दगड तिथेच असू द्या, कोणाला नेऊ देऊ नका. तट परत रचताना तेच लागतील.